दरबाराच्या पडद्याखालच्या मिरच्या

एप्रिल लागला की शरयूचा दिवस ट्रे उचलण्यानं सुरू व्हायचा आणि ट्रे उचलण्यानंच संपायचा. बारा ट्रे. एकेका ट्रेमध्ये काळ्या प्लास्टिकच्या पंधरा छोट्या कुंड्या, एकेका कुंडीत एक रोप. लवंगी मिरची, काटेरी वांगं आणि दुधी. फेब्रुवारीपासून गराजमध्ये दिव्याखाली वाढलेली ही मंडळी इतकी लाडावलेली, की एकदम बाहेर नेली तर मान टाकायची. त्यांना बाहेरच्या जगाची सवय हळूहळू लावावी लागते. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस, आणि संध्याकाळ झाली की परत आत. सकाळी बारा फेऱ्या, संध्याकाळी बारा फेऱ्या, मधेच गारांचा पाऊस आला तर आणखी चोवीस. नागपूरच्या बहिणीला ती फोनवर सांगायची, मी बालवाडी चालवते, फरक इतकाच की ह्या पोरांचे आईबाप संध्याकाळी न्यायला येत नाहीत.

बालवाडीखेरीज शेताची स्वतःची कामं होतीच. अमेरिकेतल्या बॉथेलच्या उत्तरेला, नदीकाठच्या खोऱ्यात पाच एकर जमीन. त्यातली दीड एकर खरी शेती. उरलेलं सगळं गवत, दलदल आणि हिमालयन ब्लॅकबेरी नावाचं काटेरी रान. ते रान दर हिवाळ्यात कुंपण ओलांडून दहा फूट आत यायचं आणि दर वसंतात शरयूनं कोपरापर्यंत हातमोजे चढवून ते मागे रेटायचं. कोंबड्यांचं खुराडं खरवडायचं. हरणांनी वाकवलेली जाळी ताणायची. माती उकरायचा टिलर चालू करायचा, म्हणजे त्याची दोरी चाळीस वेळा ओढायची, एकेचाळिसाव्या वेळी तो खोकायचा आणि पुन्हा गप्प बसायचा. शिवाय गोगलगायी. इथल्या गोगलगायींना शंख नसतो. बोटाएवढ्या जाड, चिकट, आणि एका रात्रीत कोबीची ओळ साफ करणाऱ्या. त्या रोज सकाळी चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात टाकायचं काम केयाचं होतं. पंधरा वर्षांच्या केयानं ते मार्चमध्ये दोन दिवस केलं आणि तिसऱ्या दिवशी, आई, इट्स अगेन्स्ट माय व्हॅल्यूज, एवढं सांगून ती पुन्हा झोपली. तिची मूल्यं सकाळी साडेसहाला फार तीव्र असायची.

ही जमीन घेतली तिच्या नवऱ्यानं, शंतनूनं. शरयू हे सांगताना कधीही 'आम्ही घेतली' म्हणायची नाही. सगळं जग घरात कोंडलेलं असताना, रेडमंडच्या आपल्या ऑफिसचं काम जेवणाच्या टेबलावरून करता करता, शंतनूला मातीची ओढ लागली. त्यानं शेतीचे व्हिडिओ पाहिले, चौघांसाठी चिखलाचे बूट मागवले (चौथा जोड 'पाहुण्यांसाठी'), एक टिलर घेतला, आणि एक टोपी घेतली. पहिला हिवाळा गेल्यावर त्यानं टेबलाखाली ठेवायचा हीटर घेतला. तेव्हापासून त्याची शेती शनिवार-रविवारी अकरा ते एक अशी चालायची, आणि तीही इथल्या मराठी मंडळाची काही मीटिंग नसली तर.

शरयू तेव्हा बॉथेलच्या एका लॅबमध्ये होती. अकरा वर्षं पेशींच्या बशा सांभाळल्या. मग ती लॅबच बंद झाली. दुसरीकडून बोलावणं आलं ते नेमकं एप्रिलच्या मध्यावर. शरयूनं त्या दिवशी सकाळी वांग्याची रोपं बाहेर ठेवली होती आणि मुलाखत होती दुपारी चारला, म्हणजे ती आत घ्यायच्या वेळेला. ती गेली नाही. पुढे कोणी विचारलं, सध्या काय करतेस, तर ती म्हणायची, शेती. समोरचा मान डोलवायचा आणि थोडं थांबून विचारायचा, ते ठीक आहे, पण कामाचं काय? तीन वर्षं ती हे ऐकत होती. मंडळाच्या संक्रांतीला, गणपतीला, कोणाच्या घरच्या बारशाला. पण कामाचं काय.

यंदा त्याचं उत्तर गराजमध्ये दिव्याखाली उभं होतं. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मंडळाच्या मेळ्यात तिला पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं, तिच्या नावाची पाटी लावून. एकशे पन्नास रोपं लोकांनी आधीच सांगून ठेवली होती. फ्रिजवर यादी होती, तिच्या बारीक लॅबछाप अक्षरात: बॉथेलच्या प्रतिमाकाकूंना सहा लवंगी, रेडमंडच्या रेणूला चार वांगी आणि एक दुधी, 'पण बाल्कनीत येईल असा'. पहिल्या वर्षी तिची रोपं गोगलगायींनी खाल्ली होती. दुसऱ्या वर्षी एप्रिलातल्या चार उन्हाच्या दिवसांना भुलून तिनंच ती लवकर जमिनीत लावली आणि पाचव्या दिवशी ती काळी पडली. मिरचीचं रोप दहा आठवड्यांशिवाय तयार होत नाही. म्हणजे ही गेली तर यंदा दुसरी नाहीत. रिकाम्या टेबलामागे स्वतःच्या नावाच्या पाटीखाली उभं राहण्याची कल्पना तिनं एकदाच केली आणि पुन्हा केली नाही.

एवढं सगळं असताना फेब्रुवारीत राजाराम आले. शंतनूचे वडील, वय शहात्तर, कृषी खात्यातून मंडळ कृषी अधिकारी म्हणून निवृत्त. शेवटची नऊ वर्षं निफाडला काढलेली. ते आले तेव्हा पाऊस पडत होता, मार्चमध्येही पडत होता, आणि ह्या पावसाला शेतीच्या दृष्टीनं काही अर्थ नाही असं त्यांचं मत पडलं. हात पाठीमागे बांधून ते रोज पाहणी करायचे. पाहुण्यांसाठी घेतलेले बूट अखेर त्यांच्या पायात आले होते आणि दोन नंबरांनी मोठे असल्यामुळे ते चालायचे तेव्हा शेतात कोणीतरी टाळ्या वाजवतंय असं वाटायचं. पाहणीनंतर चहाच्या वेळी शेरा. कुंपण, असमाधानकारक. खुराडं, सुधारणेस वाव. हिमालयन ब्लॅकबेरी, नाव चुकीचं, आपण बद्रीनाथला जाऊन आलोय, तिथं असलं काही नाही. आणि रोपांची ने-आण, निव्वळ शक्तीचा अपव्यय. रोप काय मांजराचं पिल्लू आहे, सात घरं फिरवायला? त्याला जमीन द्या, ते आपलं आपण बघून घेईल.

शरयूनं त्यांना इथली थंडी समजावली. दोनदा समजावली. खोऱ्यात थंड हवा वाटीत पाणी साचावं तशी साचते, मे उजाडेपर्यंत भरवसा नाही, शेजारची डॉना सत्तर वर्षं इथं राहते, ती तर समोरच्या डोंगरावरचा बर्फ एका ठरावीक खडकाच्या खाली उतरल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढत नाही. राजारामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, डॉना पंचांग बघते का?

पंचांगाचा विषय तेव्हापासून सुरू झाला. यंदा पुढे अधिक मास, म्हणून अक्षय्य तृतीया लवकर, एप्रिलच्या एकोणिसाव्या तारखेलाच येत होती. त्या दिवशी लावलेलं रोप जात नाही. शंतनूची आई, जाईपर्यंत, निफाडच्या सरकारी क्वार्टरमागे दर तृतीयेला आळी करून वेल लावायची आणि दुधी कोणाला द्यायचा ह्याची पंचाईत व्हायची इतके धरायचे. हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शरयू वांग्याच्या पानाखालचा मावा पुसत होती. ती म्हणाली, बघू. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा टिलरची दोरी ओढत होती. ती म्हणाली, हो बाबा, बघू.

आता, शरयूच्या माहेरी बघू म्हणजे नाही. सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून बघू. वीस वर्षं ती ह्या घरात तसं म्हणत आली होती. आणि राजारामांनी सदतीस वर्षं सरकारी नोकरी केलेली. तिथं वरचा अधिकारी बघू म्हणाला आणि नंतर फाइल परत आली नाही, तर ती मंजूर.

एकोणीस तारीख रविवारी आली. आकाश धुतल्यासारखं निळं, वारा नाही. शरयू सकाळचे बारा ट्रे बाहेर मांडून, पिकअप घेऊन डॉनाकडे जुनं घोड्याचं शेणखत आणायला गेली. डॉनाकडे जाणं म्हणजे खत भरायला वीस मिनिटं आणि डॉनाचं गुडघ्याचं ऑपरेशन ऐकायला दोन तास. निघताना डॉनानं नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाली, आज रात्री गोठणार, काही बाहेर असेल तर आत घे. शरयू हसून म्हणाली, माझी पोरं संध्याकाळी पाचला आत असतात.

अंगणात गाडी वळवली तेव्हा तिला आधी कुंड्या दिसल्या. एकशे ऐंशी काळ्या कुंड्या, स्वच्छ धुऊन, उपड्या घालून, ओळीनं उन्हात वाळत ठेवलेल्या.

मग वाफे दिसले. बटाटे आणि मटार लावायला गेल्या आठवड्यात तिनं कंबर मोडून तयार केलेले सहा वाफे. त्यात तिची सगळी रोपं. तिला आधी हे लक्षात आलं, आणि ह्याचाच तिला नंतर जास्त राग आला, की काम अप्रतिम झालं होतं. ओळी दोरी धरून आखलेल्या. प्रत्येक रोपाभोवती हातानं केलेलं गोल आळं, मातीची कड बोटांनी दाबलेली. पहिल्या दुधीला हळदकुंकू. वाफ्याच्या टोकाला राजाराम, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, चेहऱ्यावर असं समाधान की जणू खात्याचं बक्षीस मिळालंय. शंतनू फोन धरून उभा. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो गेलाच होता, आणि जोडलेल्या हातांची रांग येत होती. केया चक्क शेतात होती, दोन्ही हात मातीत. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, आई, सरप्राइज.

शरयू गाडीतून उतरली. दार लावायचं राहून गेलं.

"आता तुझी पायपीट संपली," राजाराम म्हणाले. "रोज चोवीस फेऱ्या. बघवत नव्हतं."

शरयूनं शंतनूला विचारलं, हवामान बघितलंस का? शंतनूनं बघितलं होतं. बेजबाबदार नव्हता तो. बाबांनी विचारलं म्हणून त्यानं फोन उघडला होता, रात्रीचं अडतीस फॅरनहाइट दाखवत होतं, गोठायला बत्तीस लागतात, सहा अंश हातात. शरयूनं फोन हातात घेतला. वर लिहिलं होतं, रेडमंड. गेली पाच वर्षं तो इथं राहत होता आणि त्याच्या फोनचं हवामान अजून ऑफिसात बसलेलं होतं.

तिनं आपल्या शेताचं नाव घातलं. तीस.

"बाबा," ती म्हणाली, "कोणाला विचारून लावलीत?"

"तुला दोनदा विचारलं. तू बघू म्हणालीस."

"बघू म्हणजे नाही."

"मग नाही म्हणायचं," राजाराम म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरंखुरं आश्चर्य होतं. "तोंड आहे ना तुला."

केयानं हात पुसले आणि आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग पुन्हा आईकडे. शंतनू म्हणाला की आपण सगळे जरा आत बसून शांतपणे बोलू या का, आणि शरयू म्हणाली की तू आत जाऊन शांतपणे बस.

ह्या रोपांची यादी फ्रिजवर आहे, तिनं सांगितलं. नावानिशी. तीन आठवड्यांनी ती कुंडीत हवीत, जमिनीत नाही. आणि उद्या सकाळी तर ती जमिनीतही नसतील, काळा चिखल असेल. म्हणून आता सगळी परत उपटायची. मग पहिल्यांदा राजारामांचा चेहरा बदलला. उपटायचं नाही, ते म्हणाले. तृतीयेला लावलेलं उपटत नाहीत. बाकी काय हवं ते कर. ते इतक्या हळू म्हणाले की शरयूला त्यावर आवाज चढवता येईना, आणि ते तिला जास्तच असह्य झालं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

तिनं मनाशी हिशेब केला. एकशे ऐंशी कुंड्या पुन्हा भरायच्या, चौघांनी हात लावला तरी अंधार होईल. शिवाय एका दिवसात दोनदा मुळं उघडी पडली तर थंडीची वाटच बघायला नको. उपटणं तसंही शहाणपणाचं नव्हतं. सासऱ्यांचं म्हणणं चुकीच्या कारणासाठी बरोबर निघावं, हा त्या दिवसातला सगळ्यात मोठा अन्याय होता.

झाकायचं, ती म्हणाली.

थंडीपासून झाकायचं पांढरं कापड तिच्याकडे एका वाफ्यापुरतं होतं. डॉनाकडून आणखी एका वाफ्याचं मिळालं असतं. उरले चार. चादरी? घरातल्या सगळ्या चादरी काढल्या तरी अर्धा वाफा. शरयू अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिची नजर खळ्यावर गेली. खळं म्हणजे त्यांचं लाल लाकडी कोठार, ज्यात खरं तर गवत आणि अवजारं असायला हवी होती. त्याऐवजी तिथं मंडळाचा संसार होता. तुमच्याकडे जागा आहे ना, असं म्हणत मंडळाच्या अध्यक्षांनी, गुरुनाथनं, तीन वर्षांपूर्वी गणपतीचं मखर आणून ठेवलं. मग घडीच्या खुर्च्या, साठ. मग नाटकाचे पडदे. त्यामुळे शरयूची अवजारं बाहेर ताडपत्रीखाली गंजत होती, आणि शंतनू मंडळाचा चिटणीस असल्यामुळे हा विषय घरात काढायचा नसे.

"पडदे काढ," ती शंतनूला म्हणाली.

"कुठले पडदे?"

"सगळे."

शंतनूनं सांगितलं की ते पडदे पुण्याहून रंगवून आणलेले आहेत. दोन मेला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आहे, दरबाराचा पडदा लागणार आहे. चिखल लागला तर गुरुनाथ काय म्हणेल, आणि मी त्याला सांगू तरी काय?

"सांग की वापरात आहेत."

मग पुढचे तीन तास त्या शेतात जे चाललं ते रस्त्यावरून जाणाऱ्या दोन गाड्यांनी थांबून पाहिलं. कापड रोपांना टेकून चालत नाही, टेकलं की तिथली पानं आधी जळतात. म्हणून वाफ्यांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या, पाठी आतल्या बाजूला. साठ खुर्च्या, सहा वाफे, ओळीवर ओळी. उतरत्या उन्हात ते नाटक सुरू होण्याआधीच्या प्रेक्षागृहासारखं दिसत होतं, फक्त प्रेक्षक म्हणून मिरच्या आधीच येऊन बसलेल्या. केयानं फोटो काढला आणि पहिल्यांदाच आईनं न सांगता पुढची दहा कामं केली. दोन वाफ्यांवर घरचं आणि डॉनाकडून आणलेलं पांढरं कापड. मरून रंगाचा दर्शनी पडदा वांग्यांवर. गावच्या रस्त्याचा पडदा उरलेल्या वांग्यांवर. अरण्याचा दुधीवर. आणि तीस फुटी दरबार, सिंहासन, खांब, लाल गालिचा आणि वर झुंबर, लवंगी मिरचीवर.

राजाराम इतका वेळ ओट्यावर बसून होते. बूट काढून, पाय जुळवून, कोणी शिक्षा दिल्यासारखे. साडेसहाच्या सुमारास ते उठले. पुन्हा बूट चढवले. टाळ्या वाजवत वाफ्यांपर्यंत आले, हात पाठीमागे, आणि पडद्यांची पाहणी केली. शरयूला वाटलं, आता शेरा. तिनं ठरवलं की आज शेरा आला तर ती सरळ डॉनाकडे राहायला जाईल.

"आधी पाणी द्यायला हवं होतं," ते म्हणाले.

तिनं एक खुर्ची सरळ केली.

"ओली जमीन दिवसाची ऊब धरते, रात्री वर सोडते. निफाडला थंडी पडली की द्राक्षवाल्यांना आम्ही हेच सांगायचो. कोरड्यावर पांघरूण घातलं तर नुसतं पांघरूण." मग वाकून त्यांनी पडद्याखाली हात घातला. "आणि कडा उघड्या आहेत. खालून वारा गेला तर हे सगळं सोंग होईल."

हे शरयूला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, डॉनानं सांगितलेलं होतं, आणि गेल्या तीन तासांत ते तिच्या डोक्यातून पार गेलं होतं. तिला इतका संताप आला की तिनं पाण्याची नळी उचलून त्यांच्या हातात दिली. राजारामांनी ती घेतली. एकेका पडद्याची कड वर करून, वाकून, आळ्याआळ्यात पाणी सोडत ते सहाही वाफे फिरले. शंतनू त्यांच्यामागून पडद्याच्या कडांवर दगड ठेवत गेला. आठ वाजता सूर्य मावळला तेव्हा शेवटचा दगड ठेवून झाला होता आणि कोणाच्याही अंगात जेवण करायची ताकद नव्हती. केयानं सगळ्यांना गोठवलेला पिझ्झा गरम करून दिला. राजारामांनी त्यावरची मिरची काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि कोणाकडे न बघता म्हणाले, उद्या नऊच्या आत पडदे उचलू नका. तेही शरयू म्हणणारच होती.

सकाळी गवत पांढरं होतं. खुराड्याचं छप्पर पांढरं, गाडीची काच पांढरी, आणि शेताच्या मधोमध दरबार पत्र्यासारखा ताठ झालेला, सिंहासनावर दवाच्या बर्फाची साय. शरयू चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर उभी राहिली, आणि नऊ वाजेपर्यंत चहा प्यायची आठवण तिला झाली नाही. राजाराम बाजूला उभे होते. शंतनूची कामाची मीटिंग आतून ऐकू येत होती, तो कोणाला तरी सांगत होता की आज माझा कॅमेरा बंद राहील.

नऊला ऊन पोचलं. पडदे मऊ पडले. तिनं आधी दर्शनी पडदा उचलला.

वांगी उभी होती. थोडी लटकलेली, पाहुण्यांच्या घरी झोप न लागलेल्या माणसांसारखी, पण हिरवी. गावच्या रस्त्याखाली तेच. अरण्याच्या पडद्याला मधोमध एक फट होती, नाटकात राक्षसानं तिथून यायचं म्हणून कापलेली. त्या फटीखालचे दोन दुधी काळे. दरबाराच्या टोकाला पडदा खुर्चीवरून घसरून टेकला होता, तिथल्या अकरा मिरच्या गेल्या. बाकी सगळ्या जिवंत. शरयूनं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. एकशे सदुसष्ट. यादीत एकशे पन्नास. ती तिथंच आळ्याच्या कडेला चिखलात बसली, आणि दरबाराच्या आतल्या बाजूला ऊब धरून बसलेल्या पाच गोगलगायी तिच्या बुटावर उतरू लागल्या तरी हलली नाही.

तेवढ्यात शंतनू कानाला फोन लावून बाहेर आला. गुरुनाथ होता. कोणीतरी मंडळाच्या ग्रुपवर केयानं काढलेला पडद्यांचा फोटो टाकला होता आणि अध्यक्षांना आपला दरबार शेतात ऊन खाताना दिसला होता. शंतनू सांगत होता की धुऊन देऊ, नक्की, दोन मेच्या आत. शरयूनं त्याला हातानंच नळी कुठं आहे ते दाखवलं.

आता राहिलं होतं कुंड्यांचं. तीन आठवड्यांत मुळं बसायची तर ह्या दोन-तीन दिवसांतच रोपं परत कुंडीत जायला हवी होती, आणि ते कालपासून दोघांच्यामध्ये न बोलता पडून होतं. शरयूनं मनात वाक्य तयार केलं. बघू असं न म्हणता सरळ सांगायचं. ती वळली तर राजाराम धुतलेल्या कुंड्यांची चवड घेऊन येत होते, काखेत खुरपं.

"बाबा, ही मला उपटावी लागतील."

"उपटायची नाहीत," राजाराम म्हणाले, आणि पहिल्या मिरचीपाशी गुडघे टेकून बसले. आळ्याच्या कडेकडेनं त्यांनी खुरपं गोल फिरवलं, खालून हात घातला आणि रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद वर आणलं. एक कण सांडला नाही. "उपटणं म्हणजे मुळं उघडी करणं. हे असं मातीसकट उचललं तर जमीन तिच्याबरोबरच गेली. शास्त्रात ह्याला बाधा नाही."

"कुठल्या शास्त्रात?"

"कृषी," ते म्हणाले. "कुंडी धर. कितीची यादी आहे?"

तिनं सांगितलं. प्रतिमाकाकूंच्या सहा लवंगींपासून सुरुवात करू, असंही सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुपारपर्यंत दोघांनी साठ रोपं भरली. त्यात त्यांनी तिच्या कुंड्यांच्या आकाराबद्दल एक शेरा दिला, तिच्या मातीच्या मिश्रणाबद्दल दोन, आणि प्रत्येक वेळी शरयूनं नाही म्हटलं, साफ, तोंडावर. त्यांना ते सोयीचं वाटत असावं. ते पुढच्या रोपाकडे वळत होते. मधे त्यांचा फोन वाजला, नाशिकची बहीण विचारत होती की तृतीयेची रोपं कशी आहेत. राजारामांनी चिखलाचा हात झटकला आणि सांगितलं, मला काय विचारतेस, शेत शरयूचं आहे, तिला विचार. फोन त्यांनी तिच्या कानाला लावला. शरयूचे दोन्ही हात मातीत होते, त्यामुळे आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिनं मान वाकडी करून वीस मिनिटं ऐकलं.

फोन संपल्यावर ती म्हणाली की पुढच्या वर्षीचं मात्र आत्ताच ठरवून टाकू. मे महिन्याचा पहिला आठवडा गेल्याशिवाय एकही रोप बाहेर नाही. तिथी कुठलीही असो.

"मी पाहिलंय," राजाराम म्हणाले. ते खुरपं फिरवत होते, वर बघत नव्हते. "पुढच्या वर्षी तृतीया नऊ मेला आहे."

शरयूनं कुंडी भरायची थांबवली. नऊ मे. पहिला आठवडा उलटून गेलेला. ह्यावर घ्यायला तिच्याकडे एकही हरकत नव्हती. तिनं बराच वेळ शोधली.